निवृत्तिवेतन कोणाचे?

गेल्या कार्तिकात आमच्या घरी एका अर्जावरून जो वाद झाला, तो वस्तुतः वाद म्हणण्याच्या योग्यतेचाही नव्हता. अर्ज एका पानाचा होता. विषय असा की, अर्जदाराचे निवृत्तिवेतन सध्या कऱ्हाड येथील बँकेच्या शाखेत जमा होते, ते यापुढे तंजावूर येथील शाखेत जमा व्हावे. अर्जदार आमचे वडील, आणि अर्ज लिहिणारे आम्ही. कारकुनाच्या हातचा अर्ज असल्यामुळे त्यात खाडाखोड नव्हती, पेन्शनच्या आदेशाचा बारा आकडी क्रमांक बिनचूक उतरविलेला होता, आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीकशी फुलीही केलेली होती. अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घालून आमच्या हाती परत दिला आणि म्हणाले, "मसुदा चांगला आहे. पण मी सही करणार नाही."

अण्णा केंद्र सरकारच्या एका खात्यात चौतीस वर्षे कारकून होते. आम्हीही दुसऱ्या एका खात्यात कारकून आहोत आणि सहा वर्षांपासून तंजावूर येथे नेमणुकीवर आहो. आई गेल्यानंतर अण्णा आमच्याकडे राहावयास आले. ते आता येथील भाजीवाल्याशी तमिळमध्ये हिशेब करतात, सकाळी मोठ्या देवळापर्यंत फिरून येतात, आणि फिल्टर कॉफीवाचून त्यांचा दिवस सुरू होत नाही. माणूस येथे आला, त्याच्या सवयी येथे आल्या. मग त्याचे पैसे तेवढे कृष्णाकाठी का राहावेत, असा आमचा सरळ प्रश्न होता.

आजच्या काळात या प्रश्नाला व्यवहारात फारसा अर्थ उरलेला नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. एके काळी निवृत्तिवेतन एका कोषागारातून दुसऱ्या कोषागारात नेणे म्हणजे महिनेन् महिने कागदांची वाट पाहणे असे. आज बँकेच्या सर्व शाखा एकाच यंत्रणेने जोडलेल्या आहेत. कऱ्हाडला जमा झालेली रक्कम तंजावूरच्या यंत्रातून पाच मिनिटांत हाती पडते. नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखलाही २०१४ पासून अंगठ्याच्या ठशावर, आणि अलीकडे केवळ चेहरा दाखवून, घरबसल्या देता येतो. म्हणजे आमचा आग्रह जितका अनावश्यक, तितकाच अण्णांचा नकारही अनावश्यक. परंतु व्यवहारात जेथे काहीच फरक पडत नाही, तेथे दोन शहाणी माणसे अडून बसतात, तेव्हा प्रश्न व्यवहाराचा नसून दुसऱ्याच कशाचा तरी असतो. तो कशाचा, याचा शोध घेण्यासाठी हा लेखनप्रपंच. परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा अर्ज आज ना उद्या लिहिला जाणारच आहे.

योगायोग असा की, निवृत्तिवेतन म्हणजे काय याचा विचार करण्यास तंजावूरइतके योग्य गाव दुसरे नसेल. हे गाव अर्धशतकाहून अधिक काळ एका पेन्शनीवर जगले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. त्या बदल्यात त्यांना दरसाल एक लक्ष स्टार पगोडे, म्हणजे आपल्या भाषेत होन, आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावयाचा होता. किल्ला आणि त्याच्या भोवतालचा परिसर एवढाच त्यांच्या सत्तेखाली राहिला. तलवार गेली आणि तनखा आला. तथापि त्या तनख्याचे सरफोजींनी जे केले, ते आजही आपण पाहतो. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट, धन्वंतरी महाल, देवनागरी मुद्रणाचा उद्योग, ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र, ही सारी एका निवृत्त राजाच्या काळातील कामे आहेत. राज्य करणाऱ्या अनेकांनी मागे जितके ठेवले नाही, तितके पेन्शनीवर जगणाऱ्या एका माणसाने ठेवले.

पण या कथेचा उत्तरार्ध कारकुनाच्या पोटात गोळा आणणारा आहे. १८३२ मध्ये सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले, आणि त्यांना पुत्र नव्हता. कंपनीने गादी संपुष्टात आल्याचे ठरविले, आणि पुढच्याच वर्षी वाड्यातील मालमत्ता, खाजगीसुद्धा, ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि तेथे जिंकल्या. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. कंपनीचे हे कृत्य राज्यसत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य होते की अन्याय्य हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढे १८६२ मध्ये सरकारने जप्त केलेली मालमत्ता राजाच्या कुटुंबास परत केली. पण ती हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. ज्या वस्तूवर काल त्या बायकांचा हक्क होता, तीच वस्तू आज त्यांना उपकार मानून घ्यावी लागली. वस्तू तीच होती. घेणाऱ्याची मान मात्र तीच राहिली नाही.

याच काळात उत्तरेत ब्रह्मावर्तासही हेच घडत होते. दुसऱ्या बाजीरावांस १८१८ मध्ये दरसाल आठ लक्ष रुपये ठरवून मिळाले, पण पुण्यापासून दूर राहण्याच्या अटीवर. आपण निवृत्तिवेतन आपल्या मागोमाग परगावी न्यावे की नाही याचा काथ्याकूट करतो; बाजीरावांच्या बाबतीत परगावी राहणे हीच त्या पैशाची किंमत होती. १८५१ मध्ये ते वारले, तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबांस ही नेमणूक पुढे चालविण्यास डलहौसीने नकार दिला. नेमणूक व्यक्तीपुरती होती, व्यक्ती संपली, नेमणूक संपली! नानासाहेबांचा वकील अझीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतला. त्यानंतरचे १८५७ आपणांस ठाऊक आहे.

या दोन्ही कथांचे तात्पर्य एकच. जे कृपेने मिळते, ते कृपा आटली की थांबते. आणि थांबल्यावर घेणाऱ्याला दाद मागण्यास जागा राहत नाही.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी या बाबतीत जी भूमिका घेतली, तिची आठवण प्रत्येक कारकुनाने ठेवावी अशी आहे. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेले बक्षीस नसून तो सेवकाचा हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा यांच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने हाच विचार अधिक विस्ताराने मांडला. यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते, आणि पीठावर तुळजापूरकरही होते. निवृत्तिवेतन म्हणजे उमेदीच्या वर्षांत केलेल्या कामाचे मागे राहिलेले वेतन, असा त्या निकालाचा गाभा आहे. निवृत्त सेवक आजही १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. विधवेच्या बाबतीतही केंद्राच्या सेवेत १९६४ पासून कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आली. कामाक्षीबाईंस जे प्रिव्ही कौन्सिलकडून मिळाले नाही, ते आज एखाद्या चपराशाच्या विधवेस नियमाने मिळते. शंभर वर्षांत माणुसकीने एवढा पल्ला गाठला, हे यत्किंचित नव्हे.

सरकारापुढे, तर, प्रश्न सुटलेला आहे. निवृत्तिवेतन हे ज्याने काम केले त्याचे. परंतु नीतीचे प्रश्न सरकारापुढे सुटले म्हणजे सुटले असे होत नाही. पैसा माणसाचा आहे हे मान्य केले, तरी तो कोठे खर्च व्हावा, यावर कोणाचा काही अधिकार आहे काय? ज्या भूमीने तो दिला तिचा? ज्या गावी माणूस राहतो त्याचा? की ज्या घरी तो राहतो त्या घरच्यांचा?

पहिला प्रश्न आपल्याकडे फार मोठ्या माणसाने विचारलेला आहे. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात नोकरी करीत, निवृत्त होऊन विलायतेस जात, आणि त्यांचे निवृत्तिवेतन येथील रयतेच्या करातून तिकडे जाई. तथाकथित 'होम चार्जेस'मध्ये या निवृत्तिवेतनांचा भाग मोठा होता, आणि दादाभाई नौरोजींनी ज्या द्रव्यशोषणावर आयुष्यभर प्रहार केला, त्यात याचा समावेश होता. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात हा सारा हिशेब मांडलेला आहे. आमच्यासारख्याच्या मनात येते, येथे कावेरीकाठी पगार घ्यावयाचा आणि म्हातारपणी तो पुण्याकोल्हापुरास खर्च करावयाचा, हेही लहानसे शोषणच नव्हे काय? विचारांती आम्हांस तसे वाटत नाही. आज तिजोरी एक आहे आणि तिच्यावर तंजावूरच्या शेतकऱ्याचा जितका अधिकार, तितकाच सातारच्या शेतकऱ्याचा. विलायतेत जाणाऱ्या पैशावर मात्र तो देणाऱ्याचा काहीच अधिकार चालत नव्हता. अन्याय अंतरात नव्हता, तेथे होता.

परंतु दादाभाईंनी याच संदर्भात आणखी एक गोष्ट म्हटली होती, आणि तिच्यातून आम्ही इतके सहज सुटत नाही. या अधिकाऱ्यांबरोबर केवळ पैसाच जात नाही. वर्षानुवर्षांचा अनुभव, शहाणपण, कारभाराची जाण, हेही जाते, आणि देश त्याला मुकतो, अशी त्यांची तक्रार होती. परमुलखातील मराठी अधिकाऱ्याने ही तक्रार स्वतःस लावून पाहावी. सहा वर्षे एका गावी राहून जो तेथील भाषा शिकत नाही, शेजाऱ्याच्या सुखदुःखात जात नाही, बदलीच्या हुकुमाकडे डोळे लावून उतारूसारखा दिवस मोजतो, तो पैसा येथे खर्च करो वा तेथे, त्या गावास तो काहीच देत नाही. पैसा मागोमाग आणण्याने हे ऋण फिटत नाही, आणि गावी ठेवल्याने वाढत नाही.

दुसरा प्रश्न राहण्याच्या जागेचा. माणूस जेथे राहतो त्यावरून त्याचा हक्क कमीअधिक व्हावा काय? ग्रेट ब्रिटनमध्ये याचे चमत्कारिक उदाहरण आहे. तेथील सरकारी वार्धक्यवेतन दरवर्षी वाढते. परंतु निवृत्त माणूस कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत अशा काही देशांत राहावयास गेला, तर त्याची रक्कम होती तेथेच गोठते. अमेरिकेत गेला तर मात्र वाढत राहते. दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली असते. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांनी हा भेद स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला. १६ मार्च २०१० रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी त्या हरल्या. मायदेशातील महागाईचा हिशेब परदेशातील माणसास लागू होत नाही, असा या भेदामागील युक्तिवाद. त्यात तर्क नाही असे नाही. पण निवृत्तिवेतन हे झालेल्या कामाचे मागे राहिलेले वेतन असेल, तर काम जेथे झाले ते स्थळ महत्त्वाचे. म्हातारा कोणत्या अंगणात बसून ते खातो, हे विचारण्याचे कारण काय? आपल्या देशात केंद्राचा निवृत्त सेवक कन्याकुमारीस राहो वा काश्मिरात, त्याचा महागाई दिलासा एकाच दराने मोजला जातो. मुलाकडे अमेरिकेत जाऊन राहिलेल्या निवृत्तासही, कर भरून झाल्यावर, आपली रक्कम अनिवासी साधारण खात्यातून तिकडे नेता येते. हक्काची खरी कसोटी हीच की, माणूस उठून दुसरीकडे गेला तरी तो त्याच्याबरोबर जातो.

आता तिसरा प्रश्न, आणि तो टाळण्यासाठीच आम्ही इतका इतिहास सांगितला की काय, अशी शंका वाचकांस आली असल्यास ती अगदीच खोटी नाही. अण्णांचे पैसे तंजावूरला यावेत, अशी आमची इच्छा का होती? नोव्हेंबरात येथे पाऊस असतो, दोन दिवसांचा प्रवास या वयात झेपत नाही, ही कारणे खरी होती. पण ती अर्जात लिहिण्याची कारणे होती. मनातील कारण असे की, पैसे येथे आले म्हणजे ते घरखर्चाच्या ओघात सहज मिसळतील. घरभाडे, मुलीची शाळा, नव्या घराचा हप्ता! आम्ही २००४ नंतर नोकरीस लागलेले. जुन्या धर्तीचे निवृत्तिवेतन आम्हांस नाही. दरमहा पगारातून दहा टक्के कापले जातात आणि म्हातारपणाचा पुष्कळसा भार बाजारावर सोडलेला असतो. १ एप्रिल २०२५ पासून पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मूळ वेतनाच्या सरासरीच्या निम्म्या रकमेची हमी देणारी नवी योजना आली, तेव्हा ती घ्यावी की नाही यावर आमच्या कचेरीत महिनोन् महिने आकडेमोड चालली होती. ज्यास स्वतःच्या उद्याची खात्री कमी, त्याचा डोळा वडिलांच्या खात्रीवर जावा, हे समजण्यासारखे आहे. समजण्यासारखे आहे, म्हणून योग्य आहे असे नव्हे.

अर्ज परत मिळाल्यावर आम्ही थोड्या रागानेच म्हणालो, "अण्णा, तिकडे आता आहे कोण तुमचे?"

अण्णा म्हणाले, "तुझी काकू आहे."

मग जे कळले ते असे. आमचे धाकटे काका एका पेढीवर कामास होते. ते गेले तेव्हा मागे निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिधी नव्हता, काहीच नव्हते. तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेस अण्णांच्या खात्यातून काकूच्या खात्यात चार हजार रुपये जातात. तसा कायमचा आदेशच त्यांनी शाखेत देऊन ठेवलेला आहे. आईला हे ठाऊक होते, आम्हांस नव्हते.

आम्ही म्हणालो, "मग त्यात काय अडचण? तो आदेश तंजावूरच्या शाखेतूनही देता येईल."

यावर अण्णा जे म्हणाले, ते आमच्या सर्व वाचनाहून अधिक शिकविणारे होते. "तिच्या पुस्तकात आज कऱ्हाड शाखा असे उमटते. ते पैसे तिच्या दिराचे आहेत, त्याच्या नोकरीचे आहेत, हे ती समजते. उद्या तंजावूर उमटले, की तिला वाटेल, पुतण्याच्या घरातून काढून मला देतात. मग ती घेणार नाही. आणि घेतलेच, तर तुझ्या बायकोशी बोलताना खाली बघेल."

आम्ही गप्प राहिलो. कामाक्षीबाईंची कथा आम्ही चारचौघांत अनेकदा सांगितली होती. पण हक्काची वस्तू कृपा होऊन आली म्हणजे घेणाऱ्या बाईचे काय होते, हे आमच्या घरातील कारकुनाला आमच्याहून चांगले कळले होते. निवृत्तिवेतनाची थोरवी त्याच्या रकमेत नाही. ते ठरल्या दिवशी येते, मागावे लागत नाही, आणि घेताना कोणाचे आभार मानावे लागत नाहीत, यात ती आहे. अण्णांस सरकारकडून जी गोष्ट मिळाली, तीच त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे एका बाईस दिली होती. ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम, एकही शब्द नाही. त्यांनी काकूस मदत केली असे म्हणणे बरोबर नाही. सरकारने जे पेन्शन तिला दिले नाही, ते त्यांनी सुरू केले, असे म्हटले पाहिजे.

यावरून आम्हांस उत्तर सुचते ते असे. निवृत्तिवेतन ज्याने श्रम केले त्याचे. ते त्याचे स्वार्जित धन, त्यावर पुत्राचा जन्मसिद्ध अधिकार नाही, आणि ज्या घरी तो राहतो त्या घराचाही नाही. घराने त्यास सांभाळणे हे घराचे कर्तव्य. त्याची किंमत त्याच्या खात्यातून वसूल करू पाहणारा मुलगा, कितीही नम्र भाषेत अर्ज लिहो, तनखा देऊन किल्ला घेणाऱ्या कंपनीच्याच वाटेने चाललेला असतो. पण स्वामित्व मान्य झाल्यावरही स्वामीपुढे प्रश्न उरतोच की, हे द्यावे कसे. येथे नीती एवढेच सांगू शकते की, देताना घेणाऱ्याचा हक्क शाबूत राहील असे द्यावे. कोणी विचारील, चार हजारांसाठी एवढा विचार? आम्ही म्हणू, रक्कम लहान असते तेव्हाच हा विचार अधिक करावा लागतो; मोठ्या रकमेपुढे माणसे आपण होऊन गप्प बसतात.

एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतला होता, तोही येथे नोंदवितो. काकूपासून ही गोष्ट लपवून ठेवणे, किंबहुना शाखेच्या नावाआड तिची समजूत जपणे, ही एक प्रकारची फसवणूक नव्हे काय? आम्हांस वाटते, नव्हे. पैसे खरोखरच अण्णांच्या नोकरीचे आहेत. शाखेचे नाव खरे तेच सांगते. आमच्या अर्जाने ते खोटे झाले असते.

मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजींच्या आज्ञेने १८०३ मध्ये तो लिहिला बाबूराव चिटणिसांनी. म्हणजे आपल्यापैकीच एकाने. त्यांना पगार किती होता, तो त्यांनी कोठे खर्च केला, कोणास पाठविला, हे आज कोणी विचारीत नाही. परंतु येथे राहून त्यांनी जे लिहिले, ते येथेच राहिले. अण्णा रोज त्या भिंतीपाशी थोडे थांबतात. त्यांच्याबरोबर गेलो की आम्हांस वाटते, या गावाचे आमच्यावर जे ऋण आहे ते बँकेतून फेडावयाचे नाही. त्याची फेड आमच्या मेजावर येणाऱ्या माणसाच्या कामात आहे, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलण्यात आहे.

नोव्हेंबरात अण्णा कऱ्हाडला गेले. चेहरा दाखवून येथूनही दाखला देता आला असता. पण ते म्हणाले, शाखेत जाऊन येतो, चार माणसे भेटतात. या वेळी आम्ही त्यांना पोचविण्यास बरोबर गेलो. काकूकडे जेवलो. तिने पानात वाढताना आमच्याकडे सरळ पाहून विचारले, "तंजावरात भाकरी मिळते का रे?" त्या सरळ पाहण्याची किंमत आम्हांस ठाऊक होती. अर्ज परत आल्यावर आम्ही फाडून टाकला.